विश्लेषण : पन्नाशीत एलएलबी करता येते का? वय आडवे येत नाही, हजेरी येते

सीईटीच्या परीक्षा केंद्राच्या दारात सुरक्षारक्षकाने आत्याला थांबवले. ‘‘पालकांनी बाहेर थांबायचं,’’ असे तो म्हणाला. आत्याने पर्समधून हॉल तिकीट काढले आणि त्यावरचा फोटो स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवला. रक्षक ओशाळला. ‘‘या मावशी, या,’’ म्हणत बाजूला झाला. ही गोष्ट मार्च 2024 मधली. आत्या तेव्हा 53 वर्षांची होती. आज ती तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

तिचा फॉर्म मी भरला होता. घरात एक इंजिनीअर असला की प्रिंटर दुरुस्तीपासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत सगळी कामे त्याच्याकडे येतात, तसे हेही आले. तेव्हापासून ओळखीतल्या अनेकांनी मला हाच प्रश्न विचारला आहे. कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, कुणाची मुले शिकून बाहेर पडलेली, कुणी सोसायटीच्या भांडणात कलमे पाठ करून बसलेले. ‘या वयात एलएलबी होते का?’ याचे थोडक्यात उत्तर ‘होते’ असे आहे. पण ज्या अडथळ्याची सगळ्यांना भीती वाटते तो वाटेत नसतो आणि ज्याचा विचार कुणी केलेला नसतो तो पहिल्याच सत्रात समोर उभा राहतो.

वयाची अट आहे की नाही?

हा गोंधळ विनाकारण झालेला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2008 मध्ये विधी शिक्षणाचे नियम केले. त्यातील कलम 28 नुसार बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 20 आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 30 वर्षे अशी कमाल वयोमर्यादा घालण्यात आली. मागास प्रवर्गांसाठी ती अनुक्रमे 22 आणि 35 होती. देशभर याचिका झाल्या, 2013 मध्ये कौन्सिलने ही अट मागे घेतली आणि सप्टेंबर 2016 मध्ये परिपत्रक काढून ती पुन्हा लागू केली. अखेर 3 मार्च 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. शरद बोबडे आणि न्या. एल. नागेश्वर राव यांच्या पीठाने या परिपत्रकाला स्थगिती दिली. तेव्हापासून तिशी ओलांडलेल्यांना प्रवेश मिळत आहेत. महाराष्ट्राच्या सीईटीच्या पात्रतेतही कमाल वयाची अट नाही. 2020 मध्ये उत्तर प्रदेशातील 77 वर्षांच्या एका महिलेने याच वयोमर्यादेविरोधात सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती, तेव्हा ही बातमी बरीच गाजली.

शिक्षण पूर्ण झाले तरी वकिली करू देतील का, ही दुसरी शंका. इथे त्याहून जुना निकाल आहे. वयाची 45 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला सनद द्यायची नाही, असा नियम एकेकाळी बार कौन्सिलने केला होता. निवृत्त अधिकारी आपल्या जुन्या ओळखी वापरून कामे मिळवतील आणि व्यवसायाची प्रतिष्ठा घसरेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये हा नियम रद्द केला. त्यातली एक विसंगती न्यायालयाने नेमकी पकडली होती. तरुणपणी सनद घेऊन दुसऱ्या व्यवसायात गेलेला माणूस पन्नाशीत वकिलीत परत येऊ शकतो, मग त्याच वयाच्या नवख्यालाच मज्जाव का? त्यामुळे आज सनदेलाही वयाची अट नाही.

कुणाची पदवी चालते?

तीन वर्षांच्या एलएलबीसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, ओबीसींना 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. आत्याचे बी. कॉम. 1992 चे, सेकंड क्लास. तिची गुणपत्रिका ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली सापडली.

महाराष्ट्रात उशिरा शिकणाऱ्यांना अडवणारा एक नियम मात्र इथेच आहे आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण तिच्याआधी दहावी-बारावीची पायरी झालेली असावी लागते. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिलच्या नियम 5 चे स्पष्टीकरण एलएलबीसाठी अपात्र ठरवते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून अशा मार्गाने पदवी घेतलेल्या कितीतरी गृहिणी, कामगार आणि पोलीस शिपाई राज्यात आहेत. शाळा सुटलेल्यांसाठीच ही वाट काढली होती आणि वकिलीच्या दाराशी आल्यावर तीच वाट मोजली जात नाही. मला हा नियम अन्यायकारक वाटतो. पण तो आहे. त्यामुळे अशा पदवीधरांनी फी भरण्याआधीच महाविद्यालयाकडून याबाबत लेखी खुलासा घ्यावा.

विवाहित महिलांसाठी कागदपत्रांचे आणखी एक प्रकरण असते. पदवीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र हाताशी नसेल तर कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज अडकतो. आत्याचे लग्न 1993 मध्ये झाले, नोंदणी केलेलीच नव्हती. ती 31 वर्षांनी, दोन्ही मुलांच्या सह्या साक्षीदार म्हणून घेऊन झाली. शिवाय मधल्या वर्षांत शिक्षण का थांबले, याचे गॅपचे शपथपत्र द्यावे लागते. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले तर ती म्हणाली, ‘‘संसार लिही.’’ टंकलेखकाने त्याचे ‘कौटुंबिक कारण’ केले.

प्रवेश परीक्षा कितपत अवघड?

राज्याचा सीईटी कक्ष ही परीक्षा घेतो. संगणकावर दोन तास, बहुपर्यायी 120 प्रश्न. विधी कल, सामान्यज्ञान, तर्कक्षमता आणि इंग्रजी हे चार विषय. प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. ही साधी गोष्ट आत्याच्या पिढीला पटवणे कठीण जाते. ‘येत नाही ते लिहू नये’ हे संस्कार फार पक्के असतात.

तिची खरी अडचण माऊसची होती. फोन सफाईने वापरणारी ही माणसे माऊस हातात आला की बिचकतात. एका पतसंस्थेत तिने 19 वर्षे नोकरी केली, पण तिथे संगणक आला तेव्हा तो दुसऱ्या टेबलावर होता. आम्ही महिनाभर जुन्या लॅपटॉपवर सराव परीक्षा सोडवल्या. तर्कक्षमतेत ती माझ्यापेक्षा चांगली निघाली, इंग्रजीत मार खाल्ला. प्रवेशापुरते गुण मिळाले आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून तिला जवळच्या शहरातल्या अनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली.

अनुदानित आणि विनाअनुदानित यांतला फरक उशिरा शिकणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना 1855) किंवा जुनी अनुदानित महाविद्यालये यांचे शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत अगदी कमी असते, पण तिथला कटऑफ चढा असतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला. आपण त्यात बसतो का, हे वय कितीही असले तरी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे. विचारायला संकोच वाटतो, म्हणून अनेक जण पैसे भरून मोकळे होतात.

मग अडचण कुठे आहे?

हजेरीत.

एकेकाळी महाराष्ट्रात दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लॉ कॉलेज हा सरळ मार्ग होता. मागच्या पिढीतले कितीतरी कारकून, शिक्षक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते असेच वकील झाले. 2008 च्या नियमांनी तो बंद केला. एलएलबी हा आता पूर्णवेळ, नियमित अभ्यासक्रम आहे. दिवसाला किमान पाच तास आणि अर्ध्या तासाची सुट्टी, आठवड्याला 30 तास, सत्र किमान 15 आठवड्यांचे. निवासी नसलेल्या महाविद्यालयांत वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच घेता येतात. दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. घरबसल्या कायद्याची पदवी अशी जाहिरात दिसली तर तिथे पदविका किंवा प्रमाणपत्र मिळेल, वकिली करता येणार नाही.

प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर त्या विषयात 65 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते, पण तेव्हाही सर्व विषयांची एकत्रित हजेरी 70 टक्के हवी. या सक्तीवरून न्यायालयांत वाद झाले आहेत, होत आहेत. तरी महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डावर लागते ती हीच टक्केवारी.

मी आत्याला एक्सेल शीट करून दिले. आठवड्याचे सहा दिवस, 15 आठवडे, म्हणजे 90 दिवस. त्यातले 27 दिवस बुडाले तर चालतात. पहिल्या सत्रात सासूबाई रुग्णालयात नऊ दिवस, नणंदेच्या मुलीचे लग्न पाच दिवस, गौरी-गणपती चार, तिचा स्वतःचा चिकनगुनिया सात. एकूण 25. उरले दोन. त्यातला एक एसटीच्या ब्रेकडाउनमध्ये गेला. विशीतल्या मुलाला हे 27 दिवस भरपूर वाटतील. पन्नाशीतल्या बाईच्या वेळापत्रकात दुसऱ्यांच्या आजारपणांसाठी आणि लग्नांसाठी आधीच जागा राखून ठेवलेली असते.

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. दोन वेळचा स्वयंपाक करून 6:40 ची एसटी. तिकीट अर्धे, 2023 पासून महिलांना ही सवलत आहे. आठ ते दीड कॉलेज, अडीचला घरी. आमचे काका एसटीतूनच निवृत्त झालेले. ते सुरुवातीला ‘कशाला हे आता’ म्हणत होते. आता दुपारची भांडी घासून ठेवतात, मात्र ते कुणाला सांगायचे नाही असा त्यांचा आग्रह आहे. म्हणून मी इथे लिहिले.

आत्याला हे जमले कारण पतसंस्थेची नोकरी तिने आधीच सोडली होती. नोकरीत असलेल्यांचे काय? पुण्यातल्या आमच्या एका सिनिअरचे उदाहरण सांगतो. वय 36, आयटी कंपनीत टीम लीड. त्याने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथे ‘हजेरीचं बघून घेऊ’ असे तोंडी आश्वासन मिळाले आणि त्याची किंमत फीमध्ये मिळवलेली होती. ‘नॉन अटेंडिंग’ हा शब्द या क्षेत्रात उघडपणे वापरला जातो. सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात सीसीटीव्ही लावायला सांगितले. विद्यार्थ्याने शिकताना ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय नोकरी केलेली नाही, दुसरा नियमित अभ्यासक्रम केलेला नाही आणि हजेरी भरलेली आहे, असे घोषणापत्र द्यायचे आहे. सिनिअरने दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडले. भरलेली फी गेलीच. ‘‘पीएफच्या नोंदीत माझी नोकरी दिसते आणि कॉलेजच्या मस्टरवर मी त्याच वेळी वर्गात बसलेलो दिसतो. हे कधीतरी कुणी शेजारी ठेवून बघणार ना?’’ असे तो म्हणाला. त्याचा हिशेब बरोबर आहे. खोट्या हजेरीवर मिळवलेली पदवी सनदेच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही अंगाशी येऊ शकते, आणि वकिलाच्या बाबतीत खोटे घोषणापत्र ही किरकोळ चूक ठरत नाही.

सरळ मार्गाने जायचे असेल तर पर्याय मोजकेच उरतात. सकाळच्या सत्राचे महाविद्यालय आणि दुपारनंतरची नोकरी, मालकाचे लेखी ना-हरकत प्रमाणपत्र, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी विभागाची परवानगी आणि रजा. नाहीतर निवृत्तीपर्यंत थांबणे. वयाची अट न्यायालयाने रोखली, पण वेळापत्रकाची अट तशीच राहिली. तिशी ते पन्नाशीत जो माणूस पगारावर घर चालवतो, त्याला कायद्याच्या वर्गात जागा उरलेली नाही. विधी शिक्षणाचा दर्जा राखायचा असेल तर माणसे वर्गात बसलीच पाहिजेत, हा बार कौन्सिलचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु तेवढेच तास संध्याकाळी सात ते दहा, चार-पाच वर्षांत विभागून का घेता येऊ नयेत, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही.

शिक्षण मध्येच थांबवून नोकरी करणे आणि नोकरीतले पैसे साठवून पुन्हा शिकायला जाणे, हे या मातीला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडन सोडावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून ते 1920 मध्ये परत गेले आणि 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले.

अभ्यास झेपतो का?

यात उशिरा आलेल्यांना एक अनपेक्षित सवलत मिळाली आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 511 कलमांची 358 झाली, क्रमांक बदलले. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. 30 वर्षे वकिली केलेल्यांनाही 302 म्हणताना अडखळून 103 म्हणावे लागते. आत्याची तुकडी ही नवे कायदे पहिल्यापासून शिकणाऱ्या पहिल्या तुकड्यांपैकी आहे. ‘‘सरसुद्धा पुस्तकात बघून सांगतात, मग मला बघायला कसली लाज?’’ असे ती म्हणते.

पाठांतर तिला जड जाते. 1860 च्या वळणाची इंग्रजी वाक्ये, ज्यात एका पूर्णविरामापर्यंत तीन वेळा श्वास घ्यावा लागतो, तिला पहिले चार महिने अजिबात कळली नाहीत. तिने मार्ग काढला. इंग्रजी बेअर अ‍ॅक्ट आणि त्याच कायद्याची मराठी प्रत शेजारी ठेवून कलमे वाचायची आणि वहीच्या समासात आपल्या भाषेत लिहायचे. तिच्या विद्यापीठात उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे, बऱ्याच विद्यापीठांत असते. मात्र उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीतच वाचावे लागतात, हे आधीच मान्य केलेले बरे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीवर पुष्कळ काम होते.

वर्गातली मुले तिला ‘काकू’ म्हणतात आणि करारांचा कायदा आला की तिच्याभोवती बसतात. जामीनदार म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हप्ता थकल्यावर काय होते, हे तिने पतसंस्थेच्या काउंटरवर 19 वर्षे पाहिलेले आहे.

सनद, खर्च आणि पुढची गणिते

पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करावी लागते. यासाठी पूर्वी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात, काही ठिकाणी आकडा 40,000 च्या पुढे होता. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार प्रकरणात हे थांबवले. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये लिहिले आहे तेवढेच, म्हणजे खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये नोंदणी शुल्क घेता येईल, असा तो निकाल आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. 100 बहुपर्यायी प्रश्न, टिपणे नसलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेण्याची मुभा आणि उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या व ओबीसी प्रवर्गाला 45 टक्के गुण. ही परीक्षा वैध असल्याचे घटनापीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. स्वतः धंदा चालवताही येत नाही. दुकानात निष्क्रिय भागीदार राहता येते, गल्ल्यावर बसता येत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना अडचण नसते, पेन्शन म्हणजे नोकरी नव्हे. कंपनीत राहून कायद्याचे ज्ञान वापरायचे असेल तर सनद न घेता नुसती पदवी पुरते. माझ्यासारख्या इंजिनीअर वाचकांसाठी एक जाता जाता : पेटंट एजंट होण्यासाठी एलएलबी लागतच नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि त्यांची परीक्षा पुरेशी असते.

न्यायाधीश होण्याचे स्वप्न असेल तर वय खरोखर आडवे येते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आणि महाराष्ट्रात वकिलांसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा 35 आहे. म्हणजे तिशीत एलएलबीला प्रवेश घेणाऱ्याचेही गणित जुळत नाही. नोटरी होण्यासाठी साधारण 10 वर्षांची वकिली लागते, महिलांना आणि मागास प्रवर्गांना सात. आत्या 56 व्या वर्षी पदवी घेईल, लगेच सनद मिळाली तरी नोटरीचा अर्ज 63 नंतर. हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘63 ची तर मी तशीही होणारच आहे.’’

पैशाबाबत भ्रमात राहू नये. ज्युनिअर वकिलांना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवले. ते बंधनकारक नाही. तालुक्याच्या न्यायालयात सुरुवातीची दोन-तीन वर्षे प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ, असे तिथले वकीलच सांगतात. वडीलधाऱ्या ज्युनिअरला ‘ही फाइल आण, ती तारीख घे’ सांगायला सिनिअरलाही अवघडल्यासारखे होते. त्यामुळे उशिरा आलेल्यांना चेंबर मिळायला वेळ लागतो. गृहकर्ज चालू असताना या भरवशावर नोकरी सोडू नये.

पदवीच हवी का?

कायदा कळावा एवढाच हेतू असेल तर प्रत्येकाने तीन वर्षे घालवण्याची गरज नाही. आपला खटला आपण स्वतः चालवू शकतो. ग्राहक आयोगात तर सामान्य माणसे हे करतातच. विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर होता येते, त्याला कायद्याची पदवी लागत नाही. दुसऱ्याच्या वतीने उभे राहायचे असेल तेव्हा मात्र सनद लागते.

आत्याला नेमके काय हवे होते, हे मला बराच काळ माहीत नव्हते. आजोबा 2011 मध्ये गेले. पुढच्या वर्षी दुय्यम निबंधक कार्यालयात तिने वडिलोपार्जित जमिनीवरच्या हक्कसोडपत्रावर सही केली. 200 रुपयांचा मुद्रांक, कार्यालयाबाहेर चहा आणि घरी आल्यावर साडी. गावाकडे हे इतके सवयीचे आहे की त्याला कुणी व्यवहार म्हणत नाही. ‘इथे कर गं सही, सातबारा साफ होतो’ एवढेच तिला सांगितले होते. सांगणारे दोघे भाऊ, त्यातले एक माझे बाबा.

कौटुंबिक कायद्याच्या तासाला तिला उलगडा झाला. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. तिचे लग्न मे 1993 चे. ‘तुझा हिस्सा नसतोच’ हे भाऊ म्हणत होते ते त्या वेळी खोटे नव्हते. पण 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील केंद्राच्या दुरुस्तीने ही लग्नाची अट उरली नाही, आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा असल्याचे सांगितले. म्हणजे 2012 मध्ये सही केली तेव्हा सोडण्यासारखा हक्क तिच्याकडे होता. नोंदणीकृत दस्त रद्द करून मागायचा तर मुदत तीन वर्षांची, आणि ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो. तिने तो घालायचा नाही असे ठरवले आहे. ‘‘जमीन नको. मी काय लिहून दिलं ते मला वाचता आलं पाहिजे होतं,’’ एवढेच ती म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली, बाबांसमोर नाही.

गेल्या भाऊबीजेला ती आमच्याकडे आली होती. ओवाळून झाल्यावर बाबांनी कपाटातून एक कागद आणला. शेजारच्या शेतकऱ्याने मोजणी मागितली होती, त्याची भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस. ‘‘बघ गं जरा, काय करायचं याचं,’’ असे म्हणून त्यांनी तो तिच्या हातात दिला. आत्याने चष्मा लावला. कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मोजणीची तारीख वाचली, गट नंबर बोटाने दोनदा तपासला.

‘‘दादा, ही मिळाली कधी?’’

बाबांना नक्की आठवेना. दसऱ्याच्या आसपास असावी म्हणाले.

‘‘पाकीट ठेवलंय का? त्याच्यावर पोस्टाचा शिक्का असतो.’’

बाबा उठले आणि पाकीट शोधायला आतल्या खोलीत गेले.